हुल्डा टटलची साक्ष

हुल्डा टटलला हसू यायचं, आणि ते नेमकं नको तिथे यायचं. घरात, गोठ्यात, विहिरीवर कितीही हसा, ऑर्डवे गावात कुणाची हरकत नव्हती. पण शब्बाथाच्या दिवशी सभाघरात, जिथे अख्खं गाव कुडकुडत चार-चार तास आपल्या पापांचा विचार करत बसलेलं असे, तिथे हसणं म्हणजे काय हे काय वेगळं सांगायला हवं?

सगळा घोळ चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन ग्रिसवोल्डच्या स्तोत्राने सुरू झाला होता. डीकनने एक ओळ म्हणायची आणि मंडळीने ती त्याच्यामागून गायची, अशी आमची रीत. एका रविवारी डीकनने सूर इतका वर लावला की तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज फाटला आणि आतून कोंबडा बाहेर आला. साऱ्या मंडळीने आपापल्या बुटांकडे पाहिलं. हुल्डानेही पाहिलं, पण बुटांकडे बघूनही तिला हसूच आलं. गावाने नेमलेला काठीवाला पेरेझ फिच तडक आला. त्याच्या लांब काठीच्या एका टोकाला पितळी गोळा होता, तो डुलक्या घेणाऱ्या पुरुषांसाठी. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याच्या शेपटीचा गोंडा, तो बायकांसाठी. गोंडा हुल्डाच्या नाकावरून फिरला, तिला शिंक आली, आणि शिंकेमुळे जास्तच हसू आलं. त्या वर्षात हा गोंडा पाच वेळा तिच्या नाकावरून फिरला. डीकन ग्रिसवोल्डने तो कोंबडा काही तिला माफ केला नाही.

हे सगळं एरवी चालून गेलं असतं. पण डिसेंबरात हुल्डाला मुलगी झाली, आणि मुलीचा बाप्तिस्मा अडला. आमच्या मंडळीचा नियम कडक होता. आई किंवा बाप, दोघांपैकी एक जण तरी मंडळीचा पुरता सभासद हवा, नाहीतर पोराच्या कपाळाला पाणी नाही. सभासद व्हायचं तर साक्ष द्यायची. देवाची कृपा आपल्याला कधी आणि कशी मिळाली ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि मंडळीच्या पुरुषांनी हात वर करून ते मान्य करायचं. साक्षीचा साचाही ठरलेला होता. आधी नरकाची भीती, मग अश्रू, मग एखादं वचन, आणि शेवटी शांती. गावातल्या वीस साक्षी ऐकल्या तर एकविसावी कुणालाही पाठ म्हणता आली असती.

हुल्डाचा नवरा जोथम पिंपं करायचा. पिंपांशी तो दिवसभर बोले, पण माणसांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. मागच्या शरदात तो साक्ष द्यायला उभा राहिला होता. पाव तास उभा होता. हातातली टोपी त्याने सात वेळा गोल फिरवली, मग “तर मग,” एवढं म्हणाला आणि खाली बसला. डीकनने “पुढे?” असं विचारलं, पण पुढे काही नव्हतं.

म्हणून आता सगळी मदार हुल्डावर होती. बाळ अकरा आठवड्यांचं झालं होतं. शेजारच्या मेरिडन खेड्यात त्याच महिन्यात दोन पोरं बाप्तिस्म्याआधीच तापाने गेली होती. हसरी हुल्डा रोज सकाळी डोळे उघडले की आधी बाळाच्या छातीवर हात ठेवून बघायची, आणि तेव्हा मात्र ती हसत नसे.

बायकांची साक्ष बायकांनी स्वतः द्यायची नाही. मंडळीत बाईचा आवाज उठता कामा नये, हे तर पवित्र शास्त्रातच आहे. बाईने पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, खोलीत जाऊन सांगायचं, त्यांनी लिहून घ्यायचं आणि रविवारी वाचून दाखवायचं. वाचून झालं की “ही तुमचीच ना?” असं ते विचारणार, बाईने मान हलवायची, की झालं.

पाळक लूमिस तरुण होते, भले होते, आणि त्यांना तीन हातांवरचं दिसत नसे.

“सांगा, भगिनी टटल,” लेखणी शाईत बुडवून ते म्हणाले, “कृपा कशी मिळाली?”

“हसताना मिळाली,” हुल्डा म्हणाली.

लेखणी थांबली. “रडताना म्हणायचंय तुम्हाला.”

“नाही, हसताना. रडून पाहिलं हो मी. तुमच्या त्या अग्निकुंडाच्या प्रवचनाला दोन तास रडायचा प्रयत्न केला, पण नाकातून पाणी आलं तेवढंच. तेही थंडीने.”

“डीकन ग्रिसवोल्डला हे आवडणार नाही.”

“मग खोटं लिहा. चांगली भीतीबिती घाला दोन ओळी. मी मान हलवीन.”

पाळक लूमिस बराच वेळ तिच्याकडे, म्हणजे तिच्या जरा उजवीकडे, बघत राहिले. मग म्हणाले, “नाही. जे झालं ते सांगा.” आणि तिने सांगितलं ते सगळं त्यांनी बारीक अक्षरात लिहून घेतलं. कागद महाग होता, म्हणून पाठची बाजू त्यांनी दुसऱ्या साक्षीसाठी कोरी ठेवली.

ती दुसरी साक्ष विधवा झर्विया कोइटची होती, आणि ही बातमी फुटली तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. कोइटबाई बासष्ट वर्षांच्या. ताडासारख्या उंच, पाठ कधी वाकलेली नाही, उन्हाळा असो की हिवाळा हातात काळे मोजे. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढे त्या तीस वर्षं बसत आल्या होत्या. त्या जवळून गेल्या की डीकनसुद्धा आपली कॉलर नीट करायचा. आणि एवढ्या धर्मनिष्ठ असून त्या सभासद मात्र नव्हत्या. प्रभुभोजनाच्या रविवारी सभासद नसलेल्यांना बाहेर जावं लागे. तेव्हा कोइटबाई सगळ्यांच्या आधी उठत आणि ताठ मानेने निघून जात. गावाने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता, की आपली भाकर त्यांच्या पंगतीची नाही. त्यांना शोभेल अशी मंडळी स्वर्गातच असणार.

त्या रविवारी सकाळी जोथमने बाळाला दुलईत गुंडाळलं आणि दाराशी थांबून म्हणाला, “हे बघ, हसू नकोस.”

“नाही हसत.”

“काहीतरी दुःखाचं आठवत राहा.”

“तुझी साक्ष आठवते.”

“ती नको,” जोथम घाईने म्हणाला, “ती आठवलीस तर मेलोच.”

सभाघरात इतकी थंडी होती की वाटीतल्या बाप्तिस्म्याच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. हुल्डा आणि कोइटबाई बायकांच्या बाजूला शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. हुल्डाचं डोकं कोइटबाईंच्या खांद्याला लागत होतं. बाळ पलीकडे, पुरुषांमध्ये, जोथमच्या मांडीवर. पाळकांनी बायबलमधून तो कागद काढला. त्यांच्या श्वासाने त्यांच्याच चष्म्यावर धुकं धरलं होतं. त्यांनी कागद नाकाला लावला.

“भगिनी हुल्डा टटल हिची साक्ष,” ते म्हणाले आणि वाचू लागले. “मी सात वर्षांची असल्यापासून भीत आले आहे.”

हुल्डाने मान वर केली. आपण असं काही बोललो नव्हतो. तिला वाटलं, शेवटी पाळकांनी भीतीच्या दोन ओळी घातल्याच. पण त्या दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा.

“माझा भाऊ नदीत बुडाला त्या दिवशी वडील मला म्हणाले, देवाने चांगलं लेकरू नेलं. तेव्हापासून मी इतकी नीट वागले की कुणाला माझ्यात खोट काढता येऊ नये. लोकांना ती धर्मनिष्ठा वाटली. ती भीती होती. प्रभूच्या मेजापाशी जायचा विचार आला तरी माझे हात थरथरतात, म्हणून मी मोजे घालते. मी उठून बाहेर जाते आणि घोड्यांच्या ओसरीत उभी राहते, आणि आत सगळे जेवत असतात.”

पाळक लूमिस प्रवचन सोडून दुसरं काहीही वाचत तेव्हा एकाच सुरात वाचत. आपण काय वाचतो आहोत हे त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसे. बाकीची मंडळी हुल्डाकडे बघत होती आणि हुल्डाचे हात शालीच्या आत होते. पण हुल्डा बाजूला बघत होती. त्या काळ्या मोज्यांकडे. मोजे एकमेकांना घट्ट धरून होते.

आणि तिला रडू फुटलं. मघाशीच सांगितलं, दोन तास प्रयत्न करूनही न येणारं रडू, ते आता धरणाला भगदाड पडावं तसं आलं. पंचावन्न वर्षं. ही एवढी मोठी, ताठ बाई पंचावन्न वर्षं घाबरलेली आहे, आणि सारं गाव हिला भितं. हुल्डाचं डोकं खाली गेलं ते हुंदक्यांनी पुन्हा वर येईना.

“ही तुमचीच साक्ष ना?” पाळकांनी विचारलं. खाली गेलेलं डोकं त्यांना अंधूक दिसलं, ते त्यांनी होकार म्हणून धरलं.

मंडळी गहिवरली. हसरी हुल्डा रडते आहे, याहून मोठा चमत्कार ऑर्डवेत कुणी पाहिला नव्हता. डीकन ग्रिसवोल्डचा हात सगळ्यात आधी वर गेला. एकवीसच्या एकवीस हात. पेरेझ फिचने काठी बगलेत मारून दोन्ही हात वर केले, तेव्हा त्याला एक खाली घ्यायला लावावा लागला.

“आता भगिनी झर्विया कोइट हिची साक्ष,” म्हणून पाळकांनी कागद उलटला.

हुल्डाचं रडू जागच्या जागी थिजलं. मागच्या बाजूला काय आहे हे या जगात तिला, पाळकांना आणि देवाला ठाऊक होतं, आणि पाळक तर ऐकत नव्हते.

“गेल्या फेब्रुवारीत,” पाळक वाचू लागले, “मी विहिरीवरून पाण्याची बादली घेऊन येत होते. उतारावर बर्फ होता. माझा पाय सटकला आणि मी दाणकन बुडावर आपटले.”

चाळीस वर्षांत सभाघरात बूड हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि कोइटबाईंना ते असेल असा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता.

“मी थांबले नाही. विहिरीपासून गोठ्यापर्यंत अख्खा उतार बसल्या बसल्या खाली आले. वाटेत एक कोंबडी मांडीवर आली. गोठ्याचं दार उघडं होतं, त्यातून आत गेले आणि गाईच्या समोर जाऊन थांबले. बादली माझ्या हातात सरळ होती आणि पाणी एक थेंब सांडलं नव्हतं. गाय माझ्याकडे बघून रवंथ करत राहिली, जणू मी रोज अशीच येते.”

मागच्या बाकांवर कुणाला तरी खोकला आला. तो खोकला नव्हता. एका म्हाताऱ्याने टोपी तोंडावर धरली. पेरेझ फिच काठी घेऊन निघाला, पण कुणाला गोंडा लावायचा आणि कुणाला गोळा हे त्याला कळेना, कारण अर्ध्या मंडळीचे खांदे हलत होते, आणि पहिले त्याचेच.

“मला हसू आलं. इतकं आलं की मी गवतात आडवी झाले. आणि हसता हसता मला एकदम कळलं, की मला ज्याने घडवलं त्याने असंच घडवलं आहे. चुकून नाही. तो माझ्यावर रागावलेला नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, पण ते खरं होतं. मी उठले तेव्हा पाणी तसंच होतं. ते मी गाईला पाजलं.”

कुठेतरी काहीतरी करकरलं. लोकांना वाटलं छताची तुळई गेली. मग लक्षात आलं, आवाज कोइटबाईंमधून येतो आहे. गंजलेली बिजागरी हलावी तसा आधी एक आवाज, मग दुसरा, मग सलग. कोइटबाई हसत होत्या. तीस वर्षांत त्यांचे दात कुणी पाहिले नव्हते. चांगले होते. त्यांनी मोज्याने तोंड दाबलं तर हसू नाकातून बाहेर आलं, आणि त्यांचं डोकं वर-खाली, वर-खाली हलू लागलं.

“ही तुमचीच साक्ष ना?” पाळकांनी विचारलं, हलणारं डोकं त्यांना दिसलं, आणि त्यांनी कागद मिटला.

हात वर करायची वेळ आली. डीकन ग्रिसवोल्डचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण कोइटबाईंना नाही म्हणायची छाती ऑर्डवेत कुणाची? हात वर गेला. मागोमाग वीस.

आता फक्त करार उरला. पाळक तो वाचणार, दोघींनी मान हलवली की त्या सभासद, आणि पाण्यावरचा पापुद्रा फोडून बाळाचा बाप्तिस्मा. “आम्ही देवासमोर आणि एकमेकांसमोर सत्याने चालण्याचं वचन देतो,” पाळकांनी वाचलं आणि ते थांबले.

हुल्डाने जोथमकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो वेडा दिसत होता. मांडीवरच्या दुलईतून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती. फक्त मान हलवायची. एवढंच. बोलणं तर बाईला मनाच आहे, मग गप्प राहिले तर पाप कसलं? तिने स्वतःला हे तीनदा समजावलं. पण सत्याने चालायचं पहिलं पाऊलच दुसऱ्या बाईच्या दुःखावर ठेवून चालायचं, हे तिच्याने होईना. तिला त्या मुठीसाठी फार भीती वाटली.

“पाळकबाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “तुम्ही कागद उलटा धरलात. घसरले ती मी.”

पाळकांनी कागद उघडला, चष्मा पुसला, कागद उलटला, पुन्हा उलटला. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

डीकन ग्रिसवोल्ड उठला. “मंडळीत बाई बोलली. हे वहीत लिहावं लागेल.”

“लिहा,” पाळक म्हणाले, “पण मग हेही लिहावं लागेल, की डीकनसमोर बोलली आणि डीकनने बोलू दिलं.”

डीकनने उचललेली लेखणी खाली ठेवली. “ते राहू द्या. पण हिचं सभासदत्व रद्द. ती दुसऱ्याची साक्ष होती. आणि हिची जी स्वतःची आहे, ती साक्ष नव्हेच. बुडावर आपटणं हे कृपेचं लक्षण असतं का कधी?”

हुल्डाने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. एका वाक्यापायी पोरीचं पाणी गेलं.

“एल्नाथन,” शेजारून डीकनला नावाने हाक आली.

कोइटबाई डोळे पुसत होत्या. हसून हसून त्यांची टोपी तिरकी झाली होती आणि ती त्यांनी नीट केली नाही.

“एल्नाथन, आता दोघी बोलल्या असं लिही. मघाशी त्या घसरण्याला तू हात वर केलास. मी पाहिला.”

“ते... ती तुमची आहे असं वाटलं म्हणून, कोइटबाई.”

“म्हणजे मी घसरले तर कृपा, आणि ही घसरली तर थिल्लरपणा. हात साक्षीला वर केलास की माझ्या टोपीला?”

मागच्या बाकावरून कुणी तरी “टोपीला” असं हळूच म्हणालं.

“मग ती पहिली,” डीकन चाचरत म्हणाला, “ती भीतीची... ती कुणाची?”

हे विचारायला नको होतं, हे सगळ्यांना एकदम कळलं, पण विचारून झालं होतं. कोइटबाईंनी काळे मोजे काढले आणि बाकावर ठेवले. हात थरथरत होते. ते त्यांनी सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले.

“माझी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या भाकरीला नाक मुरडून मी बाहेर जात नव्हते रे. मला वाटायचं, हे हात दिसले तर तुम्ही मला घालवून द्याल. आता दिसले. घालवा.”

एकवीस माणसांपैकी एकालाही कुठे बघावं कळेना. या बाईला बघून ज्यांनी आयुष्यभर कॉलरी नीट केल्या होत्या, त्यांचे हात आज कॉलरीकडे गेले नाहीत. शेवटी पाळक लूमिस म्हणाले, “दोन्ही साक्षी मंडळीने ऐकल्या आहेत आणि दोन्हींना एकवीस हात मिळाले आहेत. नावं मी चुकवली. चूक माझी. आता नावं बरोबर करून पुन्हा हात मागतो. कोइटबाई, त्यांच्या भीतीसह.”

एकवीस हात वर गेले.

“हुल्डा टटल, तिच्या हसण्यासह.”

वीस गेले. मंडळी डीकन ग्रिसवोल्डकडे बघू लागली. डीकन कोइटबाईंच्या हातांकडे बघत होता. मग त्याने नाक शिंकरलं, रुमाल खिशात ठेवला, आणि तोच हात वर केला.

बाप्तिस्मा तिथल्या तिथे झाला. पाळकांनी अंगठ्याने पापुद्रा फोडला आणि बर्फाचं पाणी बाळाच्या कपाळाला लावलं, तशी पोरगी अशी काही किंचाळली की डीकनचा वरचा सूर त्यापुढे काहीच नाही. हुल्डा रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जोथमने टोपी फिरवली आणि म्हणाला, “तर मग.” या वेळी कुणी पुढे विचारलं नाही.

सोमवारी सकाळी हुल्डा विहिरीवर गेली तर उताराच्या टोकाशी कोइटबाई उभ्या. हातात मोजे नव्हते.

“हाच का तो?” त्यांनी विचारलं.

“हाच. पण मावशी, तुम्ही इथे कशाला एवढ्या थंडीत?”

“काल दहा मिनिटं ही घसरण माझी होती,” कोइटबाई उताराकडे बघत म्हणाल्या. “परत देताना जरा जिवावर आलं गं.”

“हाडं मोडतील.”

“मोडू देत. बासष्ट वर्षं नीट ठेवून काय केलं त्यांचं?”

त्यांनी झगा गोळा केला आणि बर्फावर बसल्या. खालून गोठ्याच्या उघड्या दारातून गाय बघत होती. कोइटबाई बसून राहिल्या. मग मागे न बघता, अगदी लहान आवाजात म्हणाल्या, “भीती वाटते.”

हुल्डाने बादली खाली ठेवली, त्यांच्या मागे येऊन बसली आणि दोन्ही हातांनी त्यांना कमरेला घट्ट धरलं.

“मलाही,” ती म्हणाली, आणि पायाने रेटा दिला.